डेज ऑफ द न्यू : ‘पिवळ्या’ अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंजचा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला गाजलेल्या सिएटल शहरातल्या जड, खरखरीत रॉकचा विषय निघाला की निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन, अ‍ॅलिस इन चेन्स ही चार नावं येतात आणि गप्पा तिथेच थांबतात. मी त्यात ‘डेज ऑफ द न्यू’ हे पाचवं नाव घुसडतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. सगळी वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न गाठा.

कुठला अल्बम, कुठला बँड?

‘डेज ऑफ द न्यू’ या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम. तो जून 1997 मध्ये आला. अल्बमचं नावही ‘डेज ऑफ द न्यू’च. चौघं पोरं होती: ट्रॅव्हिस मीक्स (गायन, गिटार आणि जवळपास सगळं लेखन), टॉड व्हिटनर (गिटार), जेसी व्हेस्ट (बेस) आणि मॅट टॉल (ड्रम). इंडियाना राज्यातलं चार्ल्सटाउन हे त्यांचं गाव. ओहायो नदी ओलांडली की पलीकडे केंटकीतलं लुईव्हिल शहर लागतं, त्यामुळे बँडची ओळख बहुतेक वेळा लुईव्हिलचा बँड अशीच करून दिली जाते. अल्बम आला तेव्हा मीक्सचं वय होतं 18. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोन-तीन उत्तरांत लागणार आहे.

‘पिवळा’ का म्हणतात?

बँडचे तीन अल्बम आहेत आणि तिन्हींचं नाव एकच. मुखपृष्ठांवर झाड आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. म्हणून चाहत्यांनी त्यांना पिवळा (काहीजण नारिंगी म्हणतात), हिरवा आणि लाल अशी नावं पाडली. ऑनलाइन शोधताना गोंधळ होतो तो यामुळेच. वर्ष बघा: पिवळा 1997, हिरवा 1999, लाल 2001.

1997 म्हणजे ग्रंज संपल्यावर ना? मग याला ग्रंज कसं म्हणायचं?

काटेकोर बोलायचं तर याला ‘पोस्ट-ग्रंज’ म्हणतात. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन एप्रिल 1994 मध्ये गेला, साउंडगार्डन एप्रिल 1997 मध्ये फुटला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी हा अल्बम दुकानात आला. सिएटलपासून चार्ल्सटाउन तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर. म्हणजे भूगोलाने हे ग्रंज नाही, काळानेही जेमतेम.

तरी मी याला ग्रंजच्या घरातला मानतो, आणि त्याचं कारण साधं आहे. ही पोरं ज्या वयात गिटार हातात घेऊन बसली, त्या वयात रेडिओवर आणि टीव्हीवर ग्रंजच चालू होतं. सिएटलच्या बँडांनी सत्तरीतलं हेवी मेटल आणि पंक ऐकून आपला आवाज घडवला. या पोरांनी सिएटल ऐकून घडवला. पोस्ट-ग्रंज हा शब्द पुढे इतक्या गुळगुळीत, रेडिओला चिकटून बसणाऱ्या बँडांना लावला गेला की तो ऐकूनच लोक नाक मुरडतात. या एका अल्बमला तरी ती शिक्षा नको.

अकूस्टिक रॉक म्हणजे शांत, हळुवार गाणी असतील ना?

नाही. याच समजुतीमुळे बहुतेकजण पहिल्या गाण्यालाच दचकतात.

अकूस्टिक गिटार म्हटलं की आपल्याला शेकोटी, सहल, कॉलेजचा कट्टा, प्रेमभंग असलं काहीतरी आठवतं. रॉक बँडांनीही ती तशीच वापरली: दहा गाणी कान फाटेस्तोवर वाजवायची आणि अकराव्याला सगळे दिवे मंद करून अकूस्टिक काढायची. विसावा म्हणून, किंवा ‘बघा, आम्हाला नाजूकही जमतं’ हे दाखवायला.

‘पिवळ्या’मध्ये अकूस्टिक गिटार विसाव्याला आलेली नाही. जे काम मेटल बँडात विकृत (मुद्दाम फाटका, खरखरीत केलेल्या) आवाजाची इलेक्ट्रिक गिटार करते, तेच काम इथे लाकडी खोका आणि धातूच्या तारा करतात. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) जड आहेत, ड्रम पूर्ण ताकदीने वाजतात, बेस तळातून ढकलत राहतो. फक्त मधोमध जी गिटार आहे ती प्लग काढलेली वाटते. या अल्बमबद्दल माझं म्हणणं काय ते एवढंच: अकूस्टिक गिटार इथे मऊपणासाठी नाही, वजनासाठी आहे. बाकीची उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतील, कंटाळा आला तर सांगून ठेवतो.

मग हा ‘अनप्लग्ड’ प्रकार झाला?

दिसायला तसा, असायला नाही. ‘अनप्लग्ड’ ही एमटीव्हीची मालिका. तिथे बँड आपली आधीची, विजेवर वाजवलेली गाणी उघडी करून दाखवायचे. पर्ल जॅमने 1992 मध्ये ते केलं. निर्वाणाचा कार्यक्रम 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये झाला आणि त्याचा अल्बम पुढल्या वर्षी, कोबेन गेल्यानंतर आला. अ‍ॅलिस इन चेन्सचा एप्रिल 1996 चा. तिन्ही उत्तम, पण तिन्हींची मजा अशी की श्रोत्याला मूळ गाणं माहीत असतं. ओळखीचा माणूस घरच्या कपड्यांत भेटावा तसं ते आहे.

‘डेज ऑफ द न्यू’च्या गाण्यांना असं दुसरं, ‘खरं’ रूप नाहीच. ती लिहिलीच अकूस्टिकवर आणि मुक्कामालाही तिथेच राहिली. त्यामुळे गिटारच्या मर्यादा लपवण्याऐवजी गाणी त्या मर्यादांवरच उभी आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा सूर अ‍ॅम्प्लिफायरच्या जोरावर लांबवता येतो, अकूस्टिकचा सूर लवकर विझतो. मग तो विझायच्या आत पुढचा आघात यायला हवा. या अल्बममधल्या रिफ इतक्या टोचऱ्या आणि भरगच्च का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

एक गंमत जाता जाता. निर्वाणाच्या त्या ‘अनप्लग्ड’मध्ये कोबेनची गिटार पूर्ण अनप्लग्ड नव्हतीच. डेव्हिड बोवीचं गाणं वाजवताना ती अ‍ॅम्प्लिफायरमधून चांगली खरखरीत ऐकू येते. शुद्धतेचा आग्रह ग्रंजवाल्यांनी स्वतःच कधी फार मनावर घेतला नाही.

लाकडी गिटारमधून इतका जड आवाज येतो कसा?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कारणं तीन-चार आहेत.

पहिलं म्हणजे तार उतरवणं. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या लावणीत (ट्यूनिंगमध्ये) ‘ई’ या सुरात असते. ती दोन पडदे खाली, ‘डी’मध्ये उतरवली की त्याला ‘ड्रॉप डी’ म्हणतात. असं केलं की खालच्या तीन तारा एका बोटाने दाबून जडशीळ कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) निघतो, आणि बोट सरकवत रिफ पळवता येते. साउंडगार्डनसह ग्रंजमधल्या बऱ्याच जणांनी ही युक्ती वापरली. मीक्स याच जातीच्या खाली उतरवलेल्या लावण्या वापरतो, फक्त अकूस्टिकवर.

दुसरं कारण मोकळी तार. खालची तार मोकळी घुमत ठेवायची आणि वरच्या तारांवर धून फिरवायची, ही मीक्सची सवय. ज्यांचे कान आपल्या संगीतावर तयार झालेत त्यांना हे चटकन कळेल, कारण तंबोऱ्याचा खर्ज मागे चालू असल्यासारखा एक आधारसूर या गाण्यांत सतत असतो. कॉर्ड बदलत राहण्याची पाश्चात्त्य सवय इथे कमी आहे. एकाच सुराभोवती घोटाळत राहणं जास्त. माझ्या ओळखीतल्या, रॉक अजिबात न ऐकणाऱ्या एका शास्त्रीय संगीतवाल्या काकांना या अल्बममधलं तेवढंच आवडलं होतं. गाणं सुरू झाल्यावर मात्र त्यांनी ‘हा एवढा रागावलाय कशाला’ असं विचारून चहा मागवला.

तिसरं कारण उजवा हात. अकूस्टिकवर हाताचा प्रत्येक फटका ऐकू येतो: प्लेक्ट्रमची (तार छेडायच्या चकतीची) खरड, तळव्याने दाबलेल्या तारांचा ‘ठक्’, बोटं सरकतानाची किरकिर. इलेक्ट्रिकवर हे सगळं विकृत आवाजाखाली गाडलं जातं. इथे ते तालवाद्यासारखं वापरलंय. ‘टच, पील अँड स्टँड’मध्ये गिटार आणि ड्रम यांच्यातली सीमारेषा बऱ्याचदा पुसट होते.

आणि चौथं, दोन गिटार. मीक्स आणि व्हिटनर एकच गोष्ट एकत्र वाजवत नाहीत. एकजण रिफ धरून बसतो, दुसरा तिच्यात नक्षी भरतो. हेडफोन लावून ऐकलंत तर ही विभागणी नीट कळेल.

हे म्हणजे अ‍ॅलिस इन चेन्सची नक्कल नाही का?

तेव्हाच्या समीक्षकांनी हेच म्हटलं, आजही पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येकजण हेच म्हणतो, आणि आरोप अगदीच खोटा नाही. मीक्सचा आवाज खालच्या पट्टीतला, घशात किंचित घासलेला, ओढून धरलेले स्वर, वर दुसऱ्या आवाजाची उदास साथ. अ‍ॅलिस इन चेन्समध्ये एकत्र गाणाऱ्या लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांची जोडी आठवणारच. त्यात अ‍ॅलिस इन चेन्सने अकूस्टिककडे वळून आधीच काम करून ठेवलं होतं: 1992 चं ‘सॅप’ आणि जानेवारी 1994 चं ‘जार ऑफ फ्लाइज’. दुसरं तर बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेलं पहिलं ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम. 1997 मध्ये अ‍ॅलिस इन चेन्स जवळजवळ गप्प होता. ती रिकामी जागा या पोरांनी भरली असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही.

पण ‘जार ऑफ फ्लाइज’ आणि ‘पिवळा’ लागोपाठ ऐका. ‘जार ऑफ फ्लाइज’ थकलेल्या माणसांचं संगीत आहे. वादळ होऊन गेलंय, सगळे बसलेत, कुणीतरी गिटार उचललीय. तिथे अकूस्टिक खरोखर विसाव्याला आलीय, आणि म्हणून ते ईपी इतकं सुंदर आहे. ‘पिवळ्या’त थकवा नाही. अठरा वर्षांच्या पोराची घुसमट आहे, आणि घुसमटीला जोर असतो. मालमसाला एकच, पण एकाने तो आच कमी करून वापरला आणि दुसऱ्याने भडका करून.

या वादाचा शेवट मात्र छान झाला. 1998 च्या उन्हाळ्यात मेटालिका या बड्या मेटल बँडने अमेरिकेचा दौरा केला तेव्हा त्यांच्या आधी वाजवायला दोन नावं होती: डेज ऑफ द न्यू, आणि त्याच वर्षी आपला पहिला एकल अल्बम काढलेला जेरी कँट्रेल. ज्याची नक्कल केल्याचा आरोप होता तो माणूस महिनोन्महिने त्याच मांडवात. काय बोलणी झाली असतील कोण जाणे.

स्कॉट लिट कोण? त्याचं नाव सारखं येतं.

अल्बमचा निर्माता. आर.ई.एम. या अमेरिकी रॉक बँडचे ऐंशी-नव्वदच्या दशकातले गाजलेले अल्बम त्याने केले. निर्वाणाच्या ‘इन युटेरो’मधल्या काही गाण्यांचं मिश्रण रेडिओसाठी त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं गेलं, आणि निर्वाणाच्या ‘अनप्लग्ड’ अल्बमवरही निर्मितीत त्याचं नाव आहे. ‘पिवळा’ ज्या आउटपोस्ट या लेबलवर निघाला त्या लेबलच्या संस्थापकांत तो होता.

म्हणजे अकूस्टिक ग्रंज कसं नोंदवायचं हे माहीत असलेला माणूस या पोरांना मिळाला. त्याने काय केलं यापेक्षा काय केलं नाही ते मोलाचं वाटतं. तंतुवाद्यांचा ताफा आणला नाही, गिटारवर गोड चकाकी चढवली नाही, ड्रमचा आवाज कमी करून ‘अकूस्टिक वातावरण’ तयार केलं नाही. खोली कोरडी ठेवली. आवाज कानाजवळ.

सुरुवात कुठल्या गाण्याने करू?

अल्बममध्ये 12 गाणी आहेत. एकच ऐकायचं असेल तर ‘टच, पील अँड स्टँड’. रिफ पहिल्या क्षणापासून पकडते. अंतऱ्यात मीक्स आवाज दाबून गातो आणि ध्रुवपदात तो सोडून देतो. अमेरिकेतल्या मेनस्ट्रीम रॉकच्या यादीत हे गाणं चार महिन्यांच्या आसपास पहिल्या क्रमांकावर बसून होतं. अकूस्टिक गिटारवर उभं असलेलं, नवख्या बँडचं पहिलं सिंगल! या अल्बमला अमेरिकेत दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम मिळालं त्यात या गाण्याचा वाटा मोठा.

पण माझा सल्ला वेगळा आहे. अल्बम पहिल्या गाण्यापासूनच लावा. ‘शेल्फ इन द रूम’ सावकाश उलगडतं आणि कानाला या आवाजाची सवय करून देतं. मग ‘टच, पील अँड स्टँड’ येतं तेव्हा ते ‘हिट गाणं’ म्हणून येत नाही, पहिल्या गाण्यात साचलेला ताण तिथे फुटतो. त्या दोघांनंतर थेट पाचव्यावर, ‘द डाउन टाउन’वर उडी मारलीत तरी चालेल. ठेक्याच्या दृष्टीने अल्बममधलं सगळ्यात धटिंगण गाणं तेच. मग परत येऊन मधली दोन, ‘फेस ऑफ द अर्थ’ आणि ‘सॉलिट्यूड’.

उत्तरार्धाबद्दल खरं सांगतो. तो लांबतो. ‘फ्रीक’, ‘नाउ’, ‘व्हिम्झिकल’ ही गाणी सलग ऐकताना कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते दहा ऐकण्यांनंतरही ठामपणे सांगता येत नाही. एकाच प्रकारच्या लावण्या, एकाच मापाचा वेग, तोच आवाज. नऊ गाण्यांचा असता तर हा अल्बम जास्त लोकांच्या लक्षात राहिला असता असं मला वाटतं. शेवटचं ‘क्लिंग’ मात्र चुकवू नका.

शब्द कळत नाहीत. अर्थ काय या गाण्यांचा?

शब्द कळले तरी फार काही हाती लागेल असं नाही. इथे माझं आणि पक्क्या चाहत्यांचं जमत नाही.

मीक्सचे शब्द अठरा वर्षांच्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर लिहावेत तसे आहेत: मी, माझा एकटेपणा, माझं तुटणं, हे गाव, हे लोक. कोबेनच्या शब्दांतली तिरकस विनोदबुद्धी नाही, स्टेलीने नशेबद्दल लिहिताना दाखवलेला भयंकर उघडेपणाही नाही. पुष्कळदा वाक्य सुरू होतं आणि अर्थापर्यंत न पोचता सुरात विरघळतं.

ते मला खटकत नाही, कारण या अल्बमचा आशय शब्दांत नाहीच. तो आवाजाच्या पोतात आहे. लहान गावात अडकल्यासारखं वाटणाऱ्या पोराची तगमग त्या एकाच सुराभोवती फिरत राहणाऱ्या रिफमध्ये जास्त नेमकी उतरलीय. चार्ल्सटाउन तसं जेमतेम वस्तीचं गाव, दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या प्रचंड दारूगोळा कारखान्यासाठी ओळखलं जाणारं. अशा गावातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा संध्याकाळी करणार काय? गिटार घेऊन खोलीत बसणार आणि तीच रिफ तास-तास घोटणार. गाण्यांत ती घोटणी ऐकू येते. इंग्रजी जेमतेम कळणाऱ्यांनी बिनधास्त ऐकावं, काही गमावणार नाही.

हे एका गाण्यापुरते प्रसिद्ध झालेले लोक ना?

नाही. ‘शेल्फ इन द रूम’ आणि ‘द डाउन टाउन’ ही गाणीही तिथल्या रॉक रेडिओवर भरपूर वाजली. इकडे ती पोचली नाहीत, एवढंच.

आपल्याकडे तेव्हा हे कुणी ऐकलं का?

फार थोड्यांनी. एमटीव्ही इंडिया 1996 मध्ये सुरू झालं. त्या सुमारास मुंबई-पुण्यातल्या रॉकवाल्या पोरांचं जग म्हणजे काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’, मित्राकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटी आणि रंगभवनातला ‘इंडिपेंडन्स रॉक’. त्या जगात मेटलचं राज्य होतं. निर्वाणा आणि पर्ल जॅमचे टी-शर्ट दिसायचे, या बँडचा टी-शर्ट मी आजवर कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना हा अल्बम पुढे, एका सीडीत शंभर-दीडशे गाणी कोंबून फिरवायच्या काळात सापडला. तोही बहुधा अर्धाच, आणि गाण्यांची नावं चुकलेली. कुणीतरी ‘टच, पील अँड स्टँड’ला अ‍ॅलिस इन चेन्सचं गाणं म्हणून साठवलेलं मी स्वतः पाहिलंय. नक्कलवाल्या आरोपाला याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

बँडचं पुढे काय झालं?

यश पचलं नाही. अल्बमचे दौरे संपत आले तोवर मीक्स एकीकडे आणि बाकी तिघं दुसरीकडे अशी फूट पडली. नाव मीक्सकडे राहिलं. व्हिटनर, व्हेस्ट आणि टॉल यांनी गायक ह्यूगो फेरेरा याच्याबरोबर ‘टँट्रिक’ हा बँड काढला. त्यांचाही पहिला अल्बम 2001 मध्ये येऊन चांगला चालला. त्यात अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक एकत्र आहेत, आणि पिवळ्यातली गिटारची वीण कुणाच्या बोटांतून किती आली होती याचा थोडा उलगडा तिथे होतो.

मीक्स पुढे नशेच्या आहारी गेला. 2005 मध्ये व्यसनमुक्तीवरच्या ‘इंटरव्हेन्शन’ या टीव्ही मालिकेत त्याची कहाणी दाखवली गेली. ती बघा असं मी कुणाला सुचवत नाही. 2014 मध्ये मूळ चौघं पुन्हा एकत्र आले, ते फार टिकलं नाही. ड्रमवादक मॅट टॉल आता हयात नाही.

हिरवा आणि लाल ऐकू का?

हिरवा जरूर ऐका. फक्त पिवळ्याचा पुढचा भाग म्हणून ऐकू नका. एकटा पडलेला मीक्स तिथे वाद्यवृंद, इलेक्ट्रॉनिक आवाज, कोरस असं सगळं घेऊन आला. महत्त्वाकांक्षी, अवजड, मधूनमधून थक्क करणारा अल्बम. त्यात साथीला गाणारी एक मुलगी पुढे ‘पुसीकॅट डॉल्स’ या मुलींच्या पॉप गटाची निकोल शेर्झिंगर म्हणून जगभर गाजली. तीही लुईव्हिलमध्येच वाढलेली. लाल अल्बम मला रुचला नाही. रुचलेले लोक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

गिटार शिकतोय. यातलं काय वाजवता येईल?

रिफ ऐकायला अवघड वाटतात तेवढ्या बोटांना अवघड नाहीत, कारण बराचसा भार उतरवलेल्या तारा उचलतात. अवघड आहे तो उजवा हात. दोन गोष्टी सांभाळा. तार उतरवली की ती सैल पडते आणि पडद्यांवर खरखरते. वारंवार असंच वाजवणार असाल तर जाड तारांचा संच लावून घ्या, आणि लावताना गिटारच्या दुकानात मानेचा ताण तपासून घ्या. दुसरं, नायलॉनच्या तारांची गिटार इथे कामाची नाही, धातूच्याच तारा लागतील.

मंचावर वाजवायचं असेल तर त्रास वेगळा. मोठ्या आवाजात अकूस्टिकचा पोकळ खोका स्पीकरचा आवाज पकडून घुमायला लागतो. बाजारात मधल्या भोकात बसवायची रबरी चकती मिळते, तिने बरंच भागतं. आणि पुलाखाली (तारा जिथे खोक्याला टेकतात त्या पट्टीखाली) बसवलेला पिकअप, म्हणजे आवाज टिपणारं यंत्र, थेट मिक्सरला जोडला तर आवाज पातळ, प्लॅस्टिकसारखा येतो. खालच्या पट्टीतलं वजन ध्वनिसंयोजकाकडून मागून घ्यावं लागेल. तो नक्की म्हणेल, ‘अकूस्टिकला बेस कशाला पाहिजे?’ त्याला या अल्बममधलं दुसरं गाणं, ‘टच, पील अँड स्टँड’, ऐकवा.

कशावर ऐकावं?

मोबाइलच्या स्पीकरवर नको, एवढीच अट. त्यात खालची तार ऐकूच येत नाही आणि मग हा अल्बम म्हणजे नुसती किरकिर उरते. साधे पण कान झाकणारे हेडफोन पुरतात.

कुणाला आवडणार नाही?

ज्यांना गाण्यात चाल बदलत राहायला हवी असते त्यांना. ज्यांना शब्द महत्त्वाचे त्यांना. आणि तरुण पोरांनी स्वतःबद्दल इतकं गंभीर असणं ज्यांना सहन होत नाही त्यांना. हा अल्बम एकदाही हसत नाही. सलग ऐकला तर तासभर कपाळाला आठी घालून बसलेल्या माणसाशेजारी प्रवास केल्यासारखं वाटू शकतं. मी स्वतः पहिली पाच गाणी एका बैठकीत ऐकतो आणि उरलेली दुसऱ्या दिवशी.

हा आवडला तर पुढे काय?

अ‍ॅलिस इन चेन्सचं ‘सॅप’ आणि ‘जार ऑफ फ्लाइज’ ऐकली नसतील तर आधी ती. नंतर टँट्रिकचा पहिला अल्बम. मग थोडी वाट वाकडी करून लुईव्हिलच्याच स्लिंट या बँडचं 1991 चं ‘स्पायडरलँड’. ते अकूस्टिक नाही आणि ग्रंजही नाही, पण हळू आणि जोरात यांच्यामधल्या अंतराचा त्या शहरातल्या पोरांनी आणखी काय उपयोग केला ते तिथे ऐकायला मिळतं.